बफरमधली गळती

रेघ आडवी झाली आणि लेकीने फोन उचलला. घरी बाबांच्या गादीखाली लावलेला सेन्सर त्यांचा श्वास ऑफिसातल्या तिच्या स्क्रीनवर दाखवायचा. सेन्सर कंपनीचा, पण तो वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तिने स्वतः लिहिलेला. ती फोन लावते न लावते तोच रेघ पुन्हा वर-खाली होऊ लागली.

"आई, बाबा बरे आहेत ना गं?"

"झोपलेत. अगदी शांत." आईचा घसा बसला होता. "तुला दिसतंय ना तिथे?"

"आता दिसतंय."

"मग ये घरी. पण गाडी सावकाश चालव."

"एवढं निस्तरते आणि निघतेच."

फोन ठेवून तिने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. नसती हुशारी! आधी सेन्सर एकेका नोंदीसाठी प्रोसेसरला उठवायचा आणि बॅटरी दुपारीच मान टाकायची. म्हणून तिने कालच कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला, ड्रायव्हर बदलला होता. नोंदी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवायच्या, मग एकदम उचलायच्या. उचलायला उशीर झाला की बफर भरून वाहणार, नोंदी गळणार, आणि तेवढ्यापुरती रेघ आडवी पडणार. तसंच झालं असणार, दुसरं काय!

"अगं, घरी जा की," शेजारच्या टेबलावरचा टेस्टर म्हणाला. "बफर काय पळून जातोय?"

"आणि पुन्हा गळती झाली तर? डॉक्टरांनी हात टेकलेत रे. शेवटच्या वेळी मला बाबांजवळ असायचंय. ते कळणार कसं मला?"

तो आपल्या स्क्रीनकडे वळला.

तिने बफर दुप्पट केला, अर्धा भरताच उचलायला लावला आणि रेघेवर डोळे लावून बसली. एकही नोंद गळेना. उलट श्वास कालच्यापेक्षा खोल होता. मधूनच रेघ थरथरायची, पण जोर केवढा तिच्यात! तिला रडूच फुटलं. बाबा सावरताहेत, खरंच सावरताहेत!

ती धावतपळत घरी आली. आतल्या खोलीत आई बाबांना बिलगून त्यांच्याच गादीवर पडली होती.

"आई, ऊठ ना, हे बघ!" तिने मोबाइल पुढे धरला. "बाबांचा श्वास किती सुधारलाय!"

आईने मान वळवली नाही.

"तो माझा आहे गं, बाळा."