अर्धी मिशी

"सास्तूरचे पाव्हणे पोरीला बघून उठेपतोर बैठकीत फेफरं आलं, तर माझी अर्धी मिशी," शिवकांताचा बाप गुरुलिंग म्हणाला. "न्हाय आलं तर तुमची. भर बाजारात, हरिबा न्हाव्याच्या हातानं!"

"मंजूर!" शेजारच्या कल्याणप्पानं मांडीवर थाप मारली.

"शरम वाटंना व्हय तुमाला?" शिवकांता आतनं ओरडली, पण हसतच. "अन् काका, ह्या बारीला म्या लपवणार न्हाय. आल्या आल्या सांगणार. नाकात जळक्या खोबऱ्याचा वास शिरतो, मग दुनिया गुल. पटलं तर करा म्हणावं."

गुरुलिंगचं हसू जरा मावळलं. आधीची दोन स्थळं ह्याच ओट्यावरनं माघारी गेली होती. हे तिसरं गेलं तर पुन्हा कुणापुढं बसणार न्हाय, असं पोरीनं बजावून ठेवलं होतं.

कल्याणप्पा भूमचा नंबरी खोडकर. रंगपंचमीला त्यानं अमीनसाहेबाची घोडी हिरवी केली होती. पण माणूस कामाचा. शिवकांताला फेफरं आलं, की चप्पल हुंगवायला पहिला तोच धावायचा. आपल्या चपलेइतकी वासाची चप्पल साऱ्या तालुक्यात न्हाय, ह्याचा त्याला लई अभिमान.

दुपारी पाव्हण्यांची दोन बैलांची दमणी आली. कल्याणप्पा भिंतीपलीकडं चप्पल हातात घेऊन तयारीत बसला. आत बोलणं चाललं होतं. एकाएकी कपबशी फुटली. कुणीतरी धाडदिशी पडलं. बाया किंचाळल्या.

"जिंकलो!" म्हणत गडी सुटला.

दारात शिवकांताची आई कोंडाबाई आडवी आली. "चप्पल मागं घ्या, भावजी! कुशीवर वळवलंय, डोक्याखाली लुगडं सारलंय. शुद्ध येतीया आता."

"अवं, हुंगवल्याबिगर कशी यील?"

"यील तशीच. तुमच्या चपलेनं उलटी तेवढी व्हायची."

दार लागलं. दिवस कलल्यावर पाव्हणे निघाले. मुलाची आई डोळ्याला पदर लावून दमणीत चढली. ते बघून जिंकलेली शर्त कल्याणप्पाला गिळवंना.

बाजाराच्या दिवशी गुरुलिंग आपणहून हरिबापुढं येऊन बसला. लिंबाखाली ही गर्दी!

"ऱ्हाऊ द्या मिशी," कल्याणप्पा त्याच्या कानाशी लागला. "पोरीचं मोडलं, त्यात ही थट्टा कशाला?"

"शर्त म्हंजी शर्त. हरिबा, चालव वस्तरा!"

डाव्या अंगाची मिशी उडाली. हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसत होती शिवकांता, समोरच्या कापडाच्या दुकानात. तिच्या शेजारी सास्तूरची तीच बाई, मुलाची आई, हिरवं लुगडं उलगडून बसली होती.

कल्याणप्पा चाट पडला. "ह्या हितं कशा?"

"लग्नाचा बस्ता हाय," गुरुलिंग म्हणाला.

"अन् बैठकीत ते फेफरं?"

दुकानाच्या पायरीवरनं, कपाळाला चिंधी बांधलेला एक तरणाबांड गडी लाजत उठला.

गुरुलिंगनं उरलेल्या मिशीला पीळ दिला. "ते ह्यांना आलं. आमच्या जावईबापूंना."