पिवळी वायर

"परत बंद पडली?" वर्जिल फोनवर म्हणाला. "आलोच."

दहा मिनिटांत तो दारात. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात नूडल्सचं झाकलेलं भांडं, चांगलं गरम. लोवेल भांड्याकडे बघत राहिला. फोन करून दहा मिनिटं झाली होती. वर्जिल घरी लाटून करायचा त्या नूडल्सला तासभर तरी लागतो.

"मला विकून टाक ही," गाडीच्या लाल बॉनेटवर हात फिरवत वर्जिल म्हणाला. "तुला नाही झेपत, म्हाताऱ्या."

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस."

"म्हणून तर घाई आहे."

या विनोदाला लोवेल दर वेळी हसायचा. आज हसला नाही.

गाडी १९६९ची कॉर्व्हेट. लोवेल आणि त्याची बायको अर्लीन यांनी सहा वर्षं खपून ती उभी केली होती. बाहेरून जुनी, आतून नवी. इंजिनावर कॉम्प्युटर, चारी चाकांना डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू. इंजिन आणि रंग लोवेलचा, वायरिंग सगळं अर्लीनचं. तीस वर्षं तिने कारखान्यात विजेचे पॅनेल जोडले होते. कॉर्व्हेटचं अंग फायबरचं, त्यातून अर्थिंग मिळत नाही, म्हणून तिने प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंख्याला वेगळी वायर ओढली होती. प्रत्येक वायरीवर एक चिठ्ठी, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात.

मार्चमध्ये अर्लीन गेली. आता जुलै संपत आला होता.

तेव्हापासून गाडी बिघडत होती. लोवेलला आधी वाटलं, नवं काम आहे, कुरकुर करणारच. मग लक्षात आलं की ती फक्त मंगळवारी कुरकुरते. मंगळवारी सकाळी तो पिकअप घेऊन दफनभूमीत जायचा. परत येऊन कॉर्व्हेटचं बटण दाबलं की काहीतरी बंद. कधी फ्यूज जागेवर नाही, कधी एखादा जोड सुटलेला. वायर कधी कापलेली नसायची, नुसती सोडवलेली. ज्याने केलं त्याला सगळं ठाऊक होतं.

दुरुस्ती एकट्याची नव्हती. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने दिवा बघायचा. म्हणून वर्जिल. शोधता शोधता दुपार व्हायची, मग जेवण, मग पत्त्यांचा एखादा डाव.

गॅरेजची दुसरी किल्ली वर्जिलकडेच होती. अर्लीनने हॉस्पिटलमधून दिली होती, मांजराला खायला घालायला.

एकच गोष्ट जुळत नव्हती. वर्जिलची अक्कल जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरपाशी संपायची. अर्लीनच्या त्या जंजाळात नेमकी वायर त्याला सापडणं शक्य नव्हतं. म्हणजे त्याला कुणीतरी शिकवत होतं. गाडी सतत बिघडवायची आणि लोवेल कंटाळला की घेऊन टाकायची.

"तो साखर-सायीचा 'शुगर पाय' नाही भाजलास कधी?" जेवताना वर्जिलने विचारलं. "अर्लीन करायची तसा?"

"कृती सापडत नाही."

ते खरं होतं. अर्लीनचा पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा त्याने दोनदा उपसला होता. फेब्रुवारीत तिने हट्टाने मागवलेला कोऱ्या कार्डांचा गठ्ठाही त्यात नव्हता. तोही यानेच उचलला असेल, असं लोवेलच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. चाळीस वर्षांचा मित्र. अर्लीनच्या शवपेटीला खांदा दिलेला. आता दुसरा मित्र उरलाही नव्हता. पण गाडीही एकच होती, आणि तिच्यातल्या वायरींना अर्लीनचे हात लागले होते.

पुढच्या मंगळवारी लोवेलने पिकअप काढली, चर्चमागे लावली आणि मक्याच्या शेताच्या कडेने चालत परत आला. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर वर्जिलची गाडी, पुढच्या सीटवर झाकलेलं भांडं.

वर्जिलचे पाय कॉर्व्हेटच्या दारातून बाहेर लोंबत होते. डोकं डॅशबोर्डखाली. तो पुटपुटत होता.

"पिवळी... पिवळी का नारिंगी? देवा, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"पिवळीच असेल," लोवेल म्हणाला.

ठाण्‌कन डोकं आपटलं. वर्जिल बाहेर आला, कपाळ चोळत, चष्मा वाकडा.

"दफनभूमीत नाही गेलास?"

"तुला गाडी हवी होती तर सरळ मागायचीस."

"गाडी कुणाला हवीय? माझे गुडघे आत मावत नाहीत."

"मग माझ्या बायकोचं काम का उसकटतोयस? शिकवलं कुणी तुला? नाव सांग, नाहीतर आत्ता शेरीफला फोन करतो."

वर्जिलने उजवा हात पाठीमागे नेला. लोवेलने मनगट पकडून तो पुढे ओढला. हातात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा होता.

"मी शब्द दिला होता," वर्जिल हळूच म्हणाला. "तुला कळू द्यायचं नव्हतं."

वरच्या कार्डावर निळ्या शाईतलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं.

"एकोणीस. डॅशबोर्डखालची, डाव्या दिव्याची पिवळी सोडव, कापू नकोस. लोवेल आधी बॅटरी तपासेल, तपासू दे. काहीतरी गरम घेऊन जा आणि जेवायला थांब. गाडी बंद पडल्याशिवाय तो कुणालाही घरी बोलावणार नाही."