घोडं पेंड खातं तिथं

तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो, खोटं बोलायची मला सवय नाही.

आमच्या कुलपांच्या कारखान्यात एकदा माल अडायला लागला. जोडणीवाले शपथेवर सांगायचे, कुलपं गोदामात पोचली. पॅकिंगवाला बोंबलायचा, माझे हात रिकामे. गोदाम माझ्या ताब्यात, म्हणजे तिकडे संशय घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं. सगळे पॅकिंगवाल्याकडेच वाकड्या नजरेने बघू लागले. हाच तो, माझ्या शेजारी चहा फुंकत बसलाय. याची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं, "घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, तेवढं शोधून काढा."

काढलं! गोदामात खोक्यांच्या थप्पीमागं खरोखरचं घोडं उभं. पुढ्यात पेंडीचं घमेलं, आणि वाट अशी अडवलेली की हातगाडी सोडा, उंदीरसुद्धा पुढं सरकेना. शेपटीला धरून मी त्याला बाहेर ओढलं आणि याची नोकरी वाचवली.

"रंग कोणता होता हो घोड्याचा?" कुणीतरी डोळे बारीक करून विचारलं.

"रंग कसा सांगू? नेमका तेव्हाच माझा चष्मा हरवला होता."

पॅकिंगवाल्याने कप खाली ठेवला.


"उभं कसलं, चांगलं आडवं पडून घोरत होतं. आणि तुझा चष्मा मी त्याच्याच नाकावरून काढला होता."