राहिलेलं नाव

"आभार मानताना कुणाचं नाव राहू देऊ नको गं पोरी," लहानपणी गुरुजी सांगायचे. आज देवगाव रंगारीजवळच्या वस्तीशाळेत नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि आभार मानायला माइकपुढं उभ्या शिक्षिका सत्यशीलाबाईंच्या कानात तोच आवाज पिंगा घालत होता.

खिडकीपेक्षा मोठा फलक भिंतीवर लागला होता: 'आमदारसाहेबांच्या निधीतून'. कुणीतरी तो वाचून दाखवला, तशी मेंढरं सोडून आलेल्या बानाबाईनं हात जोडले. "पदरचा पैसा घातला म्हणायचा! लई मोठं मन साहेबांचं."

हा पैसा कुणाचा, ते दर उद्घाटनाला बाईंच्या जिभेवर यायचं आणि बदलीच्या धाकानं परत जायचं.

"बाई, साहेबांचं नाव दोनदा घ्या बरं का," सरपंच कुजबुजले. बाईंनी दोनदा घेतलं. टाळ्या झाल्या, साहेब उठले. बाईंच्या कानातला गुरुजींचा आवाज मात्र बसेना.

 

"थांबा, एक नाव राहिलं. बानामावशी, साबणाच्या वडीवरसुद्धा तुम्ही कर भरता, ही खोली त्याच पैशाची हाय. हात खाली घ्या, आभार तुमचे."