दलदलीवरची धावपट्टी

"सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही," ओईवा म्हणाला, "पण आज आम्हाला रेनडिअरांनी फसवलं."

तूलिक्कीने पेन टेबलावर आपटलं. लॅपलंडमधल्या त्या छोट्या विमानतळाची ती प्रमुख, आणि सकाळपासून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. पहाटे बर्फ लोटणाऱ्या पाच गाड्या धावपट्टी साफ करायला गेल्या. दोन तास राबल्या. उजाडल्यावर बघावं तर धावपट्टीवर गुडघाभर बर्फ जसाच्या तसा, आणि शेजारची गोठलेली दलदल दीड किलोमीटर लख्ख! वर चाकं घसरू नयेत म्हणून रीतसर वाळूसुद्धा पसरलेली. हेलसिंकीचं विमान दोन घिरट्या घालून दुसऱ्या गावाकडे वळलं.

हे कसं झालं ते तिला सांगायची गरज नव्हती. गाड्या तिरक्या रांगेत चालतात. बर्फाचा असा धुरळा उडतो की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने पुढच्या गाडीचा मागचा दिवा धरायचा. थांबायचं नाही, रांग मोडायची नाही; नाहीतर मागची गाडी अंगावर येते. पहिली चुकली की पाचही चुकतात, आणि अगदी शिस्तीत चुकतात. तूलिक्कीला फक्त पहिल्या गाडीवाल्याचं नाव हवं होतं. त्याचा धावपट्टीवरचा परवाना आजच जाणार होता. मग जन्मभर वाहनतळावर फावडं.

"रेनडिअर?" तिने विचारलं.

"शंभर तरी असतील. दोन्ही बाजूंना रांगा करून उभे. गाडीचा उजेड पडला की डोळे चमकायचे. मला वाटलं, धावपट्टीचे दिवे."

"दिव्यांसारखे साठ-साठ मीटरवर? मोजून?"

"आपल्याकडचे रेनडिअर शिस्तीचेच आहेत बाई. आणि थंडी म्हणजे काय थंडी! उजेड दिव्यातून बाहेर पडायचा आणि तिथंच गोठायचा. तोसुद्धा आम्हाला लोटत न्यावा लागला."

बाकावर बसलेल्या बाकीच्या चार गाडीवाल्यांपैकी जाडा हेइमो खोकल्याच्या आडून हसला.

"हसा!" तूलिक्की कडाडली. "एकशे वीस माणसं दुसऱ्या गावात उतरली, आणि तुम्ही हसा! पाच गाड्या, पाच परवाने, दहा डोळे. वाळू टाकताना तरी कुणाला वाटलं नाही का, की खाली गचके बसतायत?"

बाकाच्या टोकाला बसलेली आइला कॉफी ढवळत होती. तिने साखर घातलीच नव्हती. दोन वर्षं रांगेत गाडी चालवत होती ती, आणि दोन वर्षं मागेच.

"बास झाल्या तुझ्या थापा, ओईवा." तूलिक्कीने कागद पुढे ओढला. "बावीस हिवाळे ऐकतेय. आता एकच सांग. पुढे कोण होतं?"

"मी. ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलंय की."

"रेनडिअरांबिअरांचं सोड. नुसतं पुढे तू होतास, एवढं लिहू?"

"लिही. वसंतात मला पेन्शन मिळतंच आहे. तोवर मारीन फावडं. वाहनतळावर ऐकायला माणसं तरी नवी मिळतील."

तूलिक्कीने सुस्कारा टाकला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून सरळ वाक्य आलं होतं. तिने नाव लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे सरकवला.

आइलाचा कप खाली आदळला.

"खोटं! धडधडीत खोटं बोलतोय म्हातारा! पुढे मी होते. एकदा तरी मला पुढे जाऊ दे म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. तो माझ्या पाठीमागे होता, भोंगा वाजवून वाजवून दमला. मला वाटलं, हळू चालवते म्हणून चिडवतोय... म्हणून मी आणखी जोरात हाणली."