पोस्टमन सासऱ्यांनी सोडवलेली मेल

घरच्या कपाटात सुनेनं स्वतःचा मेल सर्व्हर थाटला होता, पण स्पॅम फिल्टरचा नेम चुकायचा. फसव्या मेलबरोबर खऱ्याही बाजूला टाकायचा. त्याला शिकवायला तिनं निवृत्त पोस्टमन सासऱ्यांना बसवलं. अडकलेली एकेक मेल वाचून ते खरी की खोटी ठरवत होते. दुपारी ते थांबले. “ही खोटी नाही, सूनबाई. तुला ताई म्हटलंय.” तिनं वाकून पाहिलं. अनोळखी पत्ता, विषय कोरा, बाळाचा फोटो आणि एकच ओळ: ‘ताई, तू आत्या झालीस.’ चार वर्षं अबोला असलेल्या भावानं तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेली. ती खुर्चीत बसली. “काय लिहू, बाबा?” “आधी पोच दे. बाकीचं समोरासमोर.” तिनं लिहिलं, ‘आजच वाचलं. उद्या येते.’ लगेच उत्तर आलं: ‘वाटलं, अजून रागावलीयेस.’ सासरे फोटो मोठा करत म्हणाले, “नाक तुझ्यावर गेलंय.”