पीळ

यो-यो पुन्हा दोऱ्यातच अडकला, गर्रकन उलटला आणि तिच्या गुडघ्यावर आदळला. तिने गुडघा चोळलासुद्धा नाही. सवय झाली होती.

मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, हात हलवण्यापुरती जागा होती. कामावर जाण्याआधी ती रोज पाऊण तास तिथे उभी राहायची. दिवसभर दुसऱ्यांसाठी कवळ्या बनवायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. यो-योत मात्र दहा महिने एकाच डावापाशी गाडी अडली होती. यो-यो खाली सोडायचा, तो टोकाशी फिरत असतानाच बोटांनी दोऱ्याचा त्रिकोण करायचा आणि झोका देऊन यो-यो त्यातून पार काढायचा. पहिल्या दहा-बारा फेकींत एखाद्या वेळी जमून जायचं. नंतर ऐन वेळी त्रिकोण मिटायचा, की मिटलाच.

विचारणार कोणाला? लेक शिकायला परगावी गेली तेव्हा तिच्या खणात हे खेळणं सापडलं होतं, पण लेकीलाही ते कधी धड फिरवता आलं नव्हतं. नवरा मालगाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कामावरच्या बायकांना यो-यो आणि भोवरा एकच. नवा दोरा आणायला गेली तेव्हा खेळण्यांचा दुकानदार म्हणाला होता, "ताई, अख्ख्या गावात हे नेणाऱ्या तुम्ही एकट्याच. दुसरं कोणी आलं तर तुमचा नंबर देईन." दोन वर्षांत एकही फोन आला नव्हता. मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळ्यांचे हात लोण्यासारखे चालायचे. पण आपली चूक कुठे होते, ते न चुकणाऱ्याकडून कसं कळणार?

घरात आणखी एक माणूस होतं. सासूबाई. बत्तीस वर्षं त्या सूतगिरणीत होत्या. गिरणीच्या वसाहतीतल्या खोल्या पाडल्या आणि आठ महिन्यांपूर्वी त्या इथे राहायला आल्या. तेव्हापासून बोलणं म्हणजे "हो", "नको" आणि "दिवा घालव". पहिल्याच आठवड्यात एकदा त्या गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कपाळाला आठी. तिने लाजून यो-यो पाठीमागे लपवला. दुसऱ्या दिवसापासून ती गॅलरीचं काचेचं दार लावून घ्यायला लागली.

आज सत्तेचाळिसाव्या फेकीला त्रिकोण मिटला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचेचाळिशीची बाई, आणि रडतेय कशासाठी, तर खेळण्यासाठी. तिने बोटातला फास काढला, स्वयंपाकघरात आली आणि यो-यो दोऱ्यासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. यो-यो त्यांच्या हातात होता. त्यांनी तो फडक्याने पुसलाही होता.

"टाकलास?"

"हो, आई. नाही जमत मला. उगाच वेळ घालवला."

सासूबाईंनी दोऱ्याचा थोडासा भाग दोन चिमटींत धरला आणि चिमटी जवळ आणल्या. मधला दोरा आपोआप स्वतःभोवती वेटाळला.

"बघ. पीळ चढलाय. फेकीगणिक थोडा थोडा चढतो. दहा-बारा झाल्या की दोरा तुझं ऐकत नाही, आपलंच खरं करतो. म्हणून तुझा त्रिकोण मिटतो."

त्यांनी दोऱ्याचं टोक धरून यो-यो लोंबता सोडला. तो आधी हळू, मग भराभर उलटा फिरला. फिरून फिरून थांबला. दोरा सरळ झाला.

"आता टाक. दर दहा फेकींनी असा मोकळा सोडत जा. तुझ्या हातात खोट नाही."

ती ओल्या केसांनी तिथेच, ओटा आणि फ्रिजच्या मधे उभी राहिली. यो-यो सोडला. त्रिकोण केला. झोका दिला. यो-यो आरपार गेला आणि तिच्या मुठीत परत आला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा गेला. सलग आठ वेळा.

तिला हसू आवरेना. मग एकाएकी ती थांबली.

"आई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. हयात गेली सुताला पीळ देण्यात."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी फडकं झटकून खिळ्याला अडकवलं.

"तू दार लावून घेतेस," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच तिला ते जास्त लागलं. त्या दिवशी कामावर तिने एका कवळीत दोन दात उलटे बसवले आणि दोन्ही काढून पुन्हा बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर गॅलरीचं दार सताड उघडं होतं. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. शिवणाच्या रिळाच्या धाग्याचे पदर एकत्र घेऊन त्यांनी नवा दोरा वळला होता. एकसारखा, सुरेख. एका टोकाला बोटासाठी फास.

तिने तो उचलून स्वतःशी धरून पाहिला. "फार सुंदर झालाय, आई. पण जरा आखूड आहे. खाली सोडल्यावर जमिनीपासून बेंबीपर्यंत यायला हवा."

"येतो की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातून दोरा घेतला, उठून उभ्या राहिल्या आणि फास स्वतःच्या मधल्या बोटात सरकवला. "माझ्या."